सरसकट माणशी तीन नको

३० जणांच्या पार्टीत जाळीवर भाजायला किती हॉटडॉग (लांबट बनमध्ये घातलेलं सॉसेज) लागतील, या प्रश्नावर कुणीतरी माणशी तीन, म्हणजे सरळ ९० सुचवलेत, ते मला फारच वाटतात. २० मोठे आणि १० लहान धरले तर मोठ्यांना दोन, पोरांना एक, म्हणजे ५०. वर चार-पाच जास्तीचे, कारण एखादा जाळीतून निखाऱ्यात पडतोच! झाले ५५. सोबत मक्याची कणसं, सॅलड वगैरे असेल तर तेवढेही संपत नाहीत.

खरी गोची पाकिटांची. अमेरिकेत सॉसेज बहुधा १० च्या पाकिटात आणि बन ८ च्या. म्हणजे सॉसेजची ६ पाकिटं, बनची ७, साठाला छप्पन. हे चालतं. उरलेली सॉसेज न उघडलेल्या पाकिटात फ्रीजरला जातात, बन मात्र दुसऱ्या दिवशी कडक होऊन बसतात.

आम्ही एकदा सगळी एकदम भाजून ठेवली. तासाभराने सुरकुतलेली, गार सॉसेज कुणी हातात घेईना. तेव्हापासून डझनाडझनानेच जाळीवर टाकतो. शिल्लक राहिली तरी न भाजलेलीच राहतात, थंड पेटीत.

शाकाहारी किती ते आधी विचारा हो. त्यांची वेगळी सॉसेज मांसाहारीही चवीपुरती उचलतात, आणि ज्यांच्यासाठी आणली ते नुसता बन खातात.