मनोरुग्णांच्या बेड्या नेमक्या कोणी काढल्या?

जुनी दुर्बीण

मानसोपचाराचा इतिहास सांगताना एक चित्र हमखास दाखवतात. पॅरिसचे साल्पेत्रिएर रुग्णालय, अंगणात विस्कटलेल्या बायका, मध्ये रुबाबदार डॉक्टर फिलिप पिनेल, आणि शेजारी एका तरुणीच्या अंगावरची साखळी सोडवली जातेय. चित्र १८७६ चे आहे, म्हणजे त्या काळानंतर पाऊण शतकाने काढलेले. त्याला जोडून येणारी गोष्टही ठरलेली: आधी भूतबाधा, चाबूक, साखळ्या, मग वैद्यकशास्त्र आले आणि वेड हा आजार आहे हे कळल्यावर माणुसकी आली.

माझे म्हणणे असे, की हा क्रम उलटा आहे. माणुसकी आधी आली, शास्त्राच्या मदतीशिवाय आली, आणि शास्त्राने पुढे अनेकदा तिच्यावर पाणी फिरवले.

बिसेत्र रुग्णालयातल्या पुरुषांच्या बेड्या १७९७ मध्ये काढल्या त्या ज्याँ-बाप्तिस्त प्यूसाँ याने. तो डॉक्टर नव्हता. गंडमाळेचा रुग्ण म्हणून तिथे दाखल झाला, बरा झाला आणि तिथेच कामाला लागून वेड्यांच्या विभागाचा प्रमुख झाला. बऱ्या झालेल्या रुग्णांनाच तो सेवक म्हणून नेमायचा, कारण मार खाल्लेला माणूस सहसा हात उचलत नाही. पिनेलचा मोठेपणा हा, की आपण हे प्यूसाँकडून शिकलो असे त्याने लिहून ठेवले. चित्रात मात्र डॉक्टरच राहिला. इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ सुरू करणारा विल्यम ट्यूक चहाचा व्यापारी होता. बेल्जियममधल्या हेल गावात तर मध्ययुगापासून सामान्य कुटुंबे मनोरुग्णांना घरात ठेवून घेत आली आहेत. १९३८ च्या सुमारास तिथे साडेतीन हजारांहून जास्त रुग्ण लोकांच्या घरांत राहत होते, शेतात आणि स्वयंपाकघरात घरच्यांना हातभार लावत होते.

आता डॉक्टरांना ‘कारण सापडले’ तेव्हा काय झाले ते पाहा. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांची खात्री होती की वेड जंतुसंसर्गातून येते. त्यांनी रुग्णांचे दात उपटले, मग टॉन्सिल, मग मोठ्या आतड्याचे भाग. कित्येक जण त्या शस्त्रक्रियांनीच मेले. १९३५ मध्ये लिस्बनला एगास मोनिझ यांनी मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडायची पद्धत काढली आणि १९४९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन पापणीखालून टोच्यासारखे हत्यार आत घालून तेच काम काही मिनिटांत करू लागले. त्याआधी, १९४१ मध्ये, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी २३ वर्षांची असताना तिच्या मेंदूचे तंतू कवटीला भोके पाडून तोडले गेले. तिचे बोलणे-चालणे गेले आणि पुढचे आयुष्य संस्थेत गेले.

आणि जर्मनी. १९४० आणि १९४१ मध्ये सत्तर हजारांहून अधिक मनोरुग्ण व अपंग माणसे वायूच्या खोल्यांत मारली गेली. कोणाला मारायचे त्या फॉर्मवर खुणा करणारे मानसोपचारतज्ज्ञ होते.

यातल्या कोणालाच आपण क्रूर आहोत असे वाटत नव्हते. ‘आम्हाला कारण कळले आहे’ या खात्रीची मला भीती वाटते.

तिसरी मिती

प्यूसाँचे श्रेय त्याला मिळालेच पाहिजे, तिथे शंभर टक्के सहमत. पण तुम्ही गोष्ट जिथे थांबवलीत तिथेच ती खरी सुरू होते.

ट्यूकच्या रिट्रीटमध्ये सुरुवातीला जेमतेम तीसेक रुग्ण होते. ते पाहून युरोप-अमेरिकेत मोठमोठी आश्रयस्थाने उभी राहिली, ‘मायेने वागवा, काम द्या, मोकळी हवा द्या’ या विचारावर. शतक संपेपर्यंत त्यांचे कोंडवाडे झाले. त्याला गर्दी आणि पैशांची टंचाई जबाबदार होतीच, पण आणखी एक गोष्ट होती: आत आलेल्या पुष्कळांना असे आजार होते की ज्यांच्यावर मायेचा उपयोगच नव्हता.

पुरुषांच्या विभागात एक ठरावीक रुग्ण दिसायचा. चाळिशीतला, कालपर्यंत धडधाकट. अचानक म्हणू लागायचा की मी सम्राट आहे, माझ्याकडे अब्जावधी आहेत. मग जीभ अडखळायची, पाय लटपटायचे, आणि काही वर्षांत मृत्यू. १८२२ मध्ये आंत्वान बेल या तरुण फ्रेंच डॉक्टरने शवविच्छेदन करून दाखवले की यांच्या मेंदूच्या आवरणांना सूज असते. पुढे ९१ वर्षे गेली. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू सापडले. पेनिसिलिन आले आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. एक अख्खा प्रकारचा वेडेपणा मनोरुग्णालयांतून निघून गेला, आणि तो सूक्ष्मदर्शकाने घालवला.

दुसरे उदाहरण पेलाग्रा. अमेरिकेच्या दक्षिण भागातली मनोरुग्णालये अशा रुग्णांनी भरली होती: कातडी काळी पडून सोलणारी, जुलाब, आणि मग भ्रमिष्टपणा. सगळे म्हणत, संसर्ग आहे. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून दाखवायला सुरुवात केली की दोष अन्नात आहे. १९३७ मध्ये कळले की कमी पडते ते नायसिन हे जीवनसत्त्व. त्या रुग्णांना प्रेमाने जवळ घेऊन मका आणि काकवीच देत राहिला असतात, तर ते तुमच्या प्रेमळ हातांतच मेले असते.

कॉटन चुकले ते कारण शोधले म्हणून चुकले नाहीत. तपासून न पाहता कापत सुटले म्हणून चुकले. बेल, नोगुची आणि गोल्डबर्गर यांना त्यांच्या रांगेत बसवू नका.

नदीकाठ

तिसरी मिती यांच्याशी सहमत. कारण माहीत नसलेली करुणा थकते.

अबोली

मी सहसा नुसती वाचते, पण इथे लिहावेसे वाटले.

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. ‘शरीर शोधणारे निर्दय आणि मन समजून घेणारे दयाळू’ अशी वाटणी वाचली की माझ्या पोटात तुटते. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक बाईंनी एका निबंधात ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ असा शब्द वापरला. रुग्णांशी त्या स्वतः फार हळुवारपणे वागत असत. पण तो शब्द पुढे पसरत गेला आणि दोन-तीन पिढ्यांच्या आयांना सांगितले गेले की मुलाचे डोके तुम्ही फिरवलेत. ऑटिझमच्या बाबतीत ब्रूनो बेटलहाइम यांनी तेच केले. थंड काळजाच्या आयांमुळे मुले अशी होतात म्हणे. हे सगळे मनाकडे बघणाऱ्यांचे काम होते, चाकू हातात धरणाऱ्यांचे नव्हे.

हे फक्त कागदावर राहिले नाही. भावाला पहिल्यांदा दाखवायला नेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आईला बाजूला बसवून विचारले, “लहानपणी तुम्ही त्याच्याशी कशा वागत होतात?” पुढची बारा वर्षे ती त्याचे उत्तर शोधत होती. त्याला कधी कुठे रागावले, कधी एकटे ठेवले, हे ती रात्री उठून मला सांगायची. नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितले की हा मेंदूचा आजार आहे, यात तुमचा काही दोष नाही. त्या दिवशी ती घरी येऊन गाढ झोपली.

गोळ्यांनी भावाचे वजन खूप वाढले आहे आणि हात थरथरतो, हेही खरे. तो म्हणतो, आवाज अजून येतात, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखे.

जुनी दुर्बीण

अबोली, मनापासून आभार. तुमच्या आईबद्दल वाचल्यावर माझी वाटणी ढोबळ होती हे मान्य करते. खात्री ही फक्त शरीरवाल्यांची मक्तेदारी नाही.

तिसरी मिती, तुमची दोन्ही उदाहरणे खरी आहेत. पण त्यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. सिफिलिसचे कारण सापडले आणि तो आजार मानसोपचारातून बाहेर पडला. पेलाग्रा आहारशास्त्राकडे गेला. ज्या फेफऱ्याला दैवी कोप मानत आणि ज्याबद्दल हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्याने ‘हा काही इतर आजारांपेक्षा जास्त पवित्र नाही’ असे लिहिले, ते आज मेंदूविकारतज्ज्ञाकडे आहे. कारण कळले की आजार त्या खात्यातून निघून जातो. मागे उरतात ते कारण न कळलेले, आणि बहुतेक रुग्ण त्यांतलेच. त्यांना तुम्ही काय देणार? नैराश्य म्हणजे मेंदूत सेरोटोनिन हे रसायन कमी पडणे, हे काही दशके लोकांना ठामपणे सांगितले गेले. २०२२ मध्ये सगळा पुरावा एकत्र तपासला तेव्हा त्याला सुसंगत आधार सापडला नाही.

तिसरी मिती

सेरोटोनिनचे स्पष्टीकरण डळमळीत निघाले म्हणून गोळी निरुपयोगी ठरत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. १९५२ मध्ये पॅरिसला दले आणि दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिले, तेव्हा ते का चालते हे त्यांनाही ठाऊक नव्हते. आंरी लाबोरी नावाचा शल्यविशारद शस्त्रक्रियेतला धक्का टाळायला औषध शोधत होता, त्यातून ते हाती आले. जॉन केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात लिथियम वापरले तेव्हा मूळ तर्क चुकीचाच होता: उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत विषारी द्रव्य असावे असे त्यांना वाटायचे. गिनीपिगना लिथियमचे क्षार टोचले तर ते शांत पडून राहिले. केड यांनी आधी स्वतः ते घेऊन पाहिले, मग दहा उन्मादग्रस्तांना दिले आणि फरक डोळ्यांना दिसला.

पाऊलवाट

निदानावर विश्वास कसा ठेवायचा? १९७३ मध्ये डेव्हिड रोझेनहान या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग छापला: त्यांनी स्वतःसह आठ धडधाकट माणसे वेगवेगळ्या मनोरुग्णालयांत पाठवली होती. ‘आवाज ऐकू येतात’ एवढेच सांगायचे होते. सगळ्यांना दाखल करून घेतले, आणि आत गेल्यावर ती नेहमीसारखी वागत होती तरी कोणा डॉक्टरच्या लक्षात आले नाही. त्याच वर्षी अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. म्हणजे काल रुग्ण, आज निरोगी.

तिसरी मिती

समलैंगिकतेचा मुद्दा बिनतोड आहे, आणि त्या खात्यासाठी तो कायमचा डाग आहे. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्यालाही आजाराचे नाव दिले होते, तेही याच माळेतले.

रोझेनहान मात्र जपून वापरा. २०१९ मध्ये एका पत्रकार बाईंनी त्यांची टिपणे तपासली. बहुतेक खोट्या रुग्णांचा मागच लागला नाही आणि रोझेनहान यांच्या स्वतःच्या नोंदी छापील लेखाशी जुळल्या नाहीत. या बाई त्यात का शिरल्या तेही सांगतो. त्यांना स्वतःला एकाएकी भ्रम आणि झटके सुरू झाले होते, मानसिक आजाराचेच निदान होत होते. पण तो निघाला मेंदूवर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला, ज्याचे वर्णन वैद्यकात २००७ मध्ये झाले होते. उपचार मिळाले आणि त्या बऱ्या झाल्या. दहा वर्षे आधी आजारी पडल्या असत्या तर काय झाले असते याचा विचार करा.

उंबरठा

तुम्ही दोघेही रुग्णालयाच्या आतच भांडताय. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त लोक होते. औषधे आली, आणि १९६३ मध्ये जॉन केनेडी यांनी, म्हणजे धाग्यात वर आलेल्या रोझमेरीच्या भावाने, वस्तीपातळीवर उपचार केंद्रे उभारायच्या कायद्यावर सही केली. रुग्णालये रिकामी झाली. केंद्रे ठरली होती त्याच्या जेमतेम निम्मी झाली. बाहेर आलेल्यांपैकी कितीतरी जण रस्त्यावर आणि तुरुंगात पोचले.

आता इटली. फ्रांको बझालिया १९७१ मध्ये त्रिएस्तेच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले तेव्हा आत सुमारे बाराशे माणसे होती. त्यांनी आधी बाहेर घरे, कामासाठी सहकारी संस्था आणि चोवीस तास उघडी केंद्रे उभी केली, मग रुग्णालय बंद केले. १९७३ मध्ये रुग्णांनी लाकूड आणि कागदाचा भलामोठा निळा घोडा केला आणि तो घेऊन मिरवणुकीने शहरात गेले. १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने नवी मनोरुग्णालये बांधायलाच बंदी आली. औषधे दोन्ही देशांत तीच होती. इटलीतही सगळीकडे त्रिएस्तेसारखे झाले नाही. जिथे पैसे आणि माणसे दिली तिथे झाले.

आणखी एक. करुणा आधी की उपचार आधी, हा वाद फार जुन्या ग्रंथांतही सुटलेला नाही. चरकसंहितेत उन्मादाच्या चिकित्सेत आप्तांनी धीर द्यावा, सांत्वन करावे असे आहे, आणि त्याच अध्यायात रुग्णाला बांधावे, दात काढलेला साप अंगावर सोडून घाबरवावे असेही आहे. दोन्ही सांगणारा ग्रंथ एकच.

मध्यंतर

मी बायपोलर आहे आणि एकोणीस वर्षे लिथियम घेतेय. दर काही महिन्यांनी रक्त तपासावे लागते, कारण औषध आणि विष यांतले अंतर कमी आहे. वर केड यांचे कौतुक आलेच आहे, त्यांच्या पहिल्या रुग्णाचेही सांगते. तो अनेक वर्षे आत होता, लिथियमने इतका सुधारला की घरी गेला, कामावर रुजू झाला. १९५० मध्ये त्याच लिथियमच्या विषबाधेने वारला. तेव्हा रक्तातली पातळी मोजत नव्हते.

गोळी सुटली तर काय होते ते मी दोनदा पाहिले आहे, म्हणून ती सोडणार नाही. पण या एकोणीस वर्षांत मला ज्यांनी ‘डोस वाढवला तर चालेल का?’ असे विचारले, ते डॉक्टर दोन. बाकीचे आईला विचारायचे, नंतर नवऱ्याला. मी तिथेच बसलेली असायची.

जुनी दुर्बीण

मध्यंतर, त्या दोघांनी विचारले तेव्हा तुम्ही काय सांगितलेत?

मध्यंतर

एकदा हो म्हटले, एकदा नाही. नाही म्हटले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले आणि का ते विचारले. मी म्हटले, वाढवला की मला वाचता येत नाही, ओळी निसटतात. त्यांनी डोस तोच ठेवला आणि दोन आठवड्यांनी परत बोलावले.

तिसरी मिती

ओळी निसटणे ही तक्रार मी आजवर कोणाला नेमून विचारली नव्हती. मी याच क्षेत्रात काम करतो. उद्यापासून विचारेन.