मदत हवी आहे: ४० मीटर सरळ स्टीम लाइन, बेलो (घड्यांचा लवचीक जोड) बसवावा की लूप (पाइपचं यू आकाराचं वळण)?

नमस्कार मंडळी,

६ इंची कार्बन स्टीलची स्टीम लाइन आहे, शेड्यूल ४० (पाइपच्या जाडीचा वर्ग), दाब १० बार. दोन अँकरच्या (पाइप पक्का जखडणाऱ्या आधारांच्या) मधे ४० मीटर अगदी सरळ, वळण म्हणून नाही. बॉयलर बंद करून पुन्हा चालू केला की ड्रायरच्या बाजूचा फ्लँज (बोल्टने आवळलेला जोड) गळतो. गॅस्केट बदललं, बोल्ट नीट क्रमाने आवळले. काही दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. आता त्या टोकाच्या अँकरच्या वेल्डला चीर दिसली आहे, म्हणजे दुखणं गॅस्केटचं नाही.

वाफेमुळे पाइप ३० वरून १८४ अंश सेल्सिअसला तापतो, म्हणजे फरक १५४ अंशांचा. प्रसरणांक १२ × १०⁻⁶ धरला तर पाइप साधारण ७४ मिमी वाढायला हवा. पूर्ण अडवला तर ताण ३७० मेगापास्कलच्या आसपास जातो, आणि पाइपच्या पोलादाचा, ए१०६ ग्रेड बी चा, यील्डच (ज्या ताणाला ते कायमचं वाकू लागतं तो) २४० आहे!

पुरवठादार म्हणतो, मधे एक अक्षीय (पाइपच्या लांबीच्या दिशेने दबणारा) बेलो टाका. जागा वाचेल हे खरं, पण आतला दाब बेलोला ताणत राहतो आणि तो जोर अँकरनेच घ्यायचा. बेलोचा सरासरी व्यास १९० मिमी धरला तर १० बारला सुमारे २८ किलोन्यूटन, जवळजवळ तीन टन. हायड्रोटेस्टला (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीत) त्याच्या दीडपट. चिरलेल्या अँकरवर हे टाकायला मन धजत नाही.

लूपला आडवी जागा नाही. एकीकडे केबल ट्रे, दुसरीकडे भिंत. वर मात्र मोकळं आहे. उभा लूप चालेल का? लूपचे पाय (वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या बाजू) किती लांब ठेवावे? कोल्ड स्प्रिंग दिला (जोडतानाच पाइप थोडा आखूड ठेवून थंड असताना ताणून बसवला) तर लूप लहान होईल का?

प्रतिसाद:
लूपच करा. बी३१.३ या पाइपिंग कोडमधल्या सोप्या तपासणीसूत्रात तुमचे आकडे घातले तर दोन्ही पाय मिळून पावणेआठ मीटर येतात, म्हणजे एकेक पाय जवळपास चार मीटर. हा अंदाज झाला. अंतिम आकडा सपोर्टसकट स्ट्रेस अॅनालिसिस करूनच ठरवा. कोल्ड स्प्रिंगने अँकरवरचा जोर कमी होतो, पण स्ट्रेस रेंज (थंड ते गरम स्थितीतला ताणाचा एकूण फरक) तीच राहते आणि कोड तिथे सूट देत नाही. लूप लहान होणार नाही.

उभ्या लूपमध्ये खरी काळजी पाण्याची. चढणाऱ्या पायाच्या तळाशी कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) साचतं, मग वॉटर हॅमर, म्हणजे वाफेने ढकललेल्या पाण्याचे दणके. तिथे ड्रिप पॉकेट (पाणी गोळा करणारा खालचा तुकडा) आणि स्टीम ट्रॅप (वाफ अडवून पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) हवाच.

आणि आधी इन्सुलेशन उघडून यू-बोल्ट बघा. गाइडच्या (पाइपला लांबीच्या दिशेने सरकू देणाऱ्या आधाराच्या) जागी ते करकचून आवळलेले असतील तर लूप टाकूनही पाइप सरकणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. दोन ठिकाणी उघडून पाहिलं, दोन्हीकडे यू-बोल्ट पाइपला घट्ट चिकटलेले आहेत. पुढच्या शटडाऊनला ते काढून शू (पाइपखालची सरकती बैठक) आणि गाइड बसवतो. लूपच्या दोन्ही बाजूंना पहिला गाइड किती लांब ठेवता तुम्ही?

प्रतिसाद:
अगदी कोपऱ्याला खेटून नको, पायांची लवचीकता मारली जाते. जागा अॅनालिसिसमध्येच ठरवा. आणि चिरलेला अँकर नुसता वरून वेल्ड भरून सोडू नका, नव्या जोराच्या हिशेबाने पुन्हा करा.