तो आठचा चहा आधी सोडा

हिंजवडीहून कोथरूडला पोचेपर्यंत आठ वाजतात, आल्यावर चहा होतो आणि अकराला अंग टाकलं तरी दीडपर्यंत डोळा लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी तो चहा सोडा. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात. त्याऐवजी झोपेच्या तास-दीड तास आधी गरम पाण्याने अंघोळ करा. नंतर त्वचेतून उष्णता बाहेर पडते, शरीर आतून थंड होतं आणि झोपेला तेच हवं असतं.

माझ्याकडे आईची काशाची वाटी आहे. साडेदहाला ट्यूबलाइट बंद करून पिवळा दिवा लावते, तळपायाला चमचाभर तूप चोळते आणि वाटीने पाच-पाच मिनिटं घासते. वाटी कोमट होत जाते, तळवा काळपट होतो, खांदे आपोआप सैल पडतात. (पाय पुसूनच गादीवर जा, चादरीचे डाग लवकर जात नाहीत.) फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, गजराला साधं घड्याळ.

उठायची वेळ रविवारीही बदलू नका. एवढं करूनही महिनाभर झोप लागली नाही तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवाच.