बहिणीचा आवाज गेलाय, दुर्बिणीत सगळं नॉर्मल, स्पीच थेरपीने येईल का?

सिंहगडरोडची_ताई:
धाकटी बहीण 19 वर्षांची, एसवायला आहे. पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धेच्या तालमी जोरात चालू होत्या त्यात सर्दी झाली, घसा बसला, सर्दी गेली पण आवाज काही आलाच नाही, महिना होत आला नुसतं कुजबुजते. ईएनटीने नाकातून दुर्बीण घालून बघितलं, स्वरतंतू चांगले आहेत म्हणाले, स्पीच थेरपिस्टकडे जा. घरात आजी म्हणते ढोंग आहे, आणि ही मला मेसेज करते, ताई मी खरंच प्रयत्न करते गं. पण थेरपी तर तोतरं बोलणाऱ्यांसाठी असते ना?

आवाज_थेरपिस्ट:
नाही, आवाजासाठीही असते. खोकताना, हसताना तिचा आवाज येतो का? येत असेल तर बहुतेक फंक्शनल अफोनिया. स्वरतंतू जुळतात, पण बोलायला गेलं की घशाचे स्नायू भलतेच आवळले जातात आणि नुसती हवा बाहेर येते. ती मुद्दाम करत नाहीये, आजींना हे आधी सांग. आम्ही खोकल्यापासूनच सुरुवात करतो, त्यातला आवाज लांबवायचा, आवाज काढत गुळण्या, ओठ मिटून म्म्म, तिथून मामा, मीना असे शब्द, मग वाक्यं. बऱ्याच जणांचा आवाज पहिल्या काही सेशन्समध्येच येतो, पुढे तो टिकवायचा. मनावर ताण असेल तर सोबत काउन्सेलर पण हवा.

पथकवाला_कोथरूड:
माझी केस वेगळी, पथकात ढोलाच्या वर ओरडून ओरडून स्वरतंतूंवर नोड्यूल्स (छोट्या गाठी) आले होते. मला वाटलं ऑपरेशनच, पण थेरपीने गेले. पाण्यात स्ट्रॉ बुडवून ऊऊ करत बुडबुडे काढायचे, वेडेपणा वाटतो पण घसा मोकळा होतो. आणि कुजबुजणं म्हणजे आराम नाही बरं का, त्यानेही घशावर ताण येतो. धनकवडीला भारती विद्यापीठात ऑडिओलॉजी आणि स्पीचचं कॉलेज आहे, तिथे विचारून बघ.

सिंहगडरोडची_ताई:
अहो हो, काल रील बघून हसली तेव्हा आवाज आला की, मोठ्याने! तिच्या लक्षातच आलं नाही. उद्याच अपॉइंटमेंट घेते.

आवाज_थेरपिस्ट:
छान, हे थेरपिस्टला पहिल्यांदा सांग. आणि पाहुण्यांसमोर "बोलून दाखव बघू" अजिबात नको, त्याने घसा आणखी आवळतो. बाकी वाचणाऱ्यांसाठी, घोगरा आवाज 3-4 आठवड्यांत सुधारला नाही तर आधी दुर्बिणीची तपासणी, मगच थेरपी. श्वासाला त्रास किंवा थुंकीतून रक्त असेल तर तेवढंही थांबू नका.