पुणे ते जैसलमेर गाडीने: वाटेतल्या भन्नाट जागा सुचवा

चाकावरचा_पाय
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून जैसलमेर गाडीने करायचं म्हणतोय. मी, बायको, मुलगा (वय ११) आणि आई (६८, गुडघे कुरकुरतात पण उत्साह आमच्या तिघांपेक्षा जास्त). हाताशी दहा दिवस. किल्ला, हवेल्या, सम गावची वाळू, उंटावर बसून फोटो हे सगळं यूट्यूबवर इतकं बघून झालंय की जाऊन आल्यासारखंच वाटतंय. मला इंटरेस्ट आहे तो रस्त्यात. म्हणजे सरळ जाणारा मोकळा रस्ता, दोन्ही बाजूला काही नाही, आणि मधेच असं काहीतरी की गाडी थांबवून माणूस म्हणेल हे काय नवीन आता. बुलेटचं देऊळ ऐकून आहे. अजून काय काय आहे? आणि जाता-येता वेगळे रस्ते घेता येतील का? गाडी साधी हॅचबॅक आहे.

निवडुंग
जाताना सांचोर-बाडमेर, येताना पोखरण-जोधपूर-पाली. मस्त गोल होतो. पुणे-जैसलमेर अंदाजे बाराशे किमी धरा, हे एका दमात मारणारे वीर असतात पण आई बरोबर आहेत तर तसलं काही नको, अहमदाबादला एक आणि बाडमेरला एक मुक्काम टाका. गुजरात सोडायच्या आधी टाकी फुल करून घ्या, राजस्थानात पेट्रोल चांगलंच महाग पडतं.

पोरगा ११ वर्षांचा आहे ना, मग त्याच्यासाठी सांचोरच्या पुढे गांधवपाशी जरा वाकडी वाट करा. तिथे एनएच ९२५ए वर तीन किलोमीटरचा हायवे हाच रनवे आहे, लढाऊ विमानांना अडीअडचणीला उतरता यावं म्हणून बांधलेला. सप्टेंबर २०२१ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा राजनाथ सिंह आणि आपले गडकरी हर्क्युलस विमानात बसून तिथे उतरले होते. एरवी त्याच रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात. माझ्या भाच्याने मला तिथे "टेकऑफ घे मामा" म्हणून जो छळला त्याला तोड नाही.

बाडमेरहून चाळीसेक किमीवर किराडूची देवळं आहेत, कोरीवकाम बघण्यासारखं. अंधार पडल्यावर तिथे राहिलं तर माणसाचा दगड होतो अशी गोष्ट सांगतात. आम्ही चारलाच निघालो, उगाच कशाला.

मग बाडमेर-जैसलमेर रस्त्यावर जैसलमेरच्या १७ किमी अलीकडे आकल. झाडांचे दगड झालेत, म्हणजे खरोखरचे, १८ कोटी वर्षांपूर्वीचे. उजाड माळावर लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात एकेक ओंडका ठेवलाय, बघणारं कुणी नाही, वारा सूं सूं. बऱ्याच लोकांना बोअर होतं. मला फार आवडलं, कारण आज जिथे बाभूळ सुद्धा धड उगवत नाही तिथे कधीकाळी एवढाली झाडं होती हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या ओंडक्यासमोर उभं राहणं वेगळं.

मीनल_मिरज
आधी एक कामाचं, जे पुरुषमंडळी कधीच लिहीत नाहीत. बाथरूम. बाडमेर सोडलं की जैसलमेरपर्यंत धड सोय मिळेलच असं नाही, त्यामुळे बरा ढाबा किंवा मोठा पेट्रोल पंप दिसला की गरज असो नसो थांबायचंच. बरोबर टॉयलेट सीट स्प्रे, पाण्याच्या बाटल्या, आणि आईंसाठी घडीची कमोड खुर्ची मिळते ती. मी सासूबाईंसाठी नेली होती, आधी नको नको म्हणाल्या आणि नंतर तीच खुर्ची घेऊन चारधामला जाऊन आल्या.

आता जागा. कुलधरा, म्हणजे जैसलमेरजवळचं ते ओसाड गाव, सगळे सांगतील. पालीवाल ब्राह्मण दिवाण सालिमसिंहच्या जाचाला कंटाळून एका रात्रीत गाव सोडून गेले अशी कथा आहे, अभ्यासक मात्र पाणी आटल्याचं किंवा भूकंपाचं कारण देतात. भुताबिताच्या नादाने जाऊ नका, घरांची रचना बघा, गल्ल्या कशा सरळ आखल्यात ते बघा. तास पुरे.

माझं खरं मत विचाराल तर परतीच्या वाटेवरचं भादरिया चुकवू नका. जैसलमेर-पोखरण रस्त्यावरून आत वळायचं, देवीचं मंदिर आहे, आणि त्याच्या खाली जमिनीच्या पोटात चक्क लायब्ररी. लाखो पुस्तकं. काचेची कपाटंच कपाटं, न संपणारे बोळ, आणि वर वाळवंट. आम्ही गेलो तेव्हा वाचणारं एकही माणूस नव्हतं. जमिनीखाली असल्याने उन्हाळ्यातही गार राहतं म्हणे. माझे वडील ग्रंथपाल होते, ते तिथे काही न बोलता वीस मिनिटं नुसते चालत होते.

बुलेटप्रेमी_९१
बुलेट बाबा म्हणजे ओम बन्ना. पाली-जोधपूर हायवेवर, जोधपूरपासून साधारण ५० किमी, चोटिला गावाजवळ. ओमसिंह राठोड नावाच्या तरुणाचा तिथे झाडावर आपटून अपघात झाला, पोलिसांनी बुलेट ठाण्यात नेली तर ती सकाळी परत त्याच जागी, पेट्रोल काढून साखळीने बांधली तरी परत तिथेच, अशी आख्यायिका. गाडी काचेत ठेवलीय, आरएनजे ७७७३. लोक हार घालतात, नवस बोलतात, जाणारे ट्रकवाले हॉर्न देतात, आणि दारूचा नैवेद्य. बाटली इकडून घेऊन जावी का??

निवडुंग
@बुलेटप्रेमी_९१ अरे वेड्या, मधे गुजरात आहे. दारूबंदी. देवाच्या नावाने आत जाशील. घ्यायचीच तर राजस्थानात घे, नाहीतर अगरबत्ती लाव, नारळ फोड, बाबा काही रागवत नाहीत. गंमत म्हणजे अपघात होऊ नये म्हणून जिथे हात जोडायचे तिथेच दारू.

वाळूत_रुतलेला
नावावरून कळलंच असेल. तनोट-लोंगेवाला कुणी लिहिलं नाही अजून?? जैसलमेरहून रामगड, तिथून तनोट, एकूण १२० किमी, आणि या पूर्ण ट्रिपमधला सगळ्यात देखणा रस्ता हाच. डांबर झोपलेल्या माणसाच्या पोटासारखं वरखाली होत जातं, टेकाडावर चढलं की पुढचा सगळा रस्ता दिसतो आणि त्यावर एकही गाडी नसते. रामगडला पेट्रोल, पाणी, नाश्ता उरकून घ्या, पुढे मोबाईलही रुसतो.

तनोट मातेच्या देवळाची व्यवस्था बीएसएफ बघतं. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानने इथे तोफगोळ्यांचा पाऊस पाडला पण देवळाच्या आवारात पडलेले फुटलेच नाहीत अशी श्रद्धा आहे, ते न फुटलेले गोळे काचेत मांडून ठेवलेत. पुजारी सुद्धा जवान. तिथून लोंगेवाला ४० किमीच्या आत. १९७१ मध्ये मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि साधारण १२० जवानांनी रात्रभर पाकिस्तानी रणगाडे थोपवून धरले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आपली हंटर लढाऊ विमानं आली. पकडलेला रणगाडा तिथेच उभा आहे. पोरगं खूष होईल.

आता रुतण्याचं. मी फोटोसाठी डांबर सोडून फक्त, फक्त दहा फूट आत गेलो. हॅचबॅकच. जितकं ॲक्सिलरेटर दाबलं तितकी खाली. शेवटी टायरमधली निम्मी हवा काढली, मॅट टाकल्या, तरी नाही, मग एक ट्रॅक्टरवाले काका देवासारखे आले. पैसे घेईनात, चहा मात्र आम्हालाच पाजला. तर डांबर सोडू नका. आणि संध्याकाळनंतर गाडी चालवू नका, गाई आणि उंट रस्त्यात बसलेले असतात, डांबर गरम राहतं ना.

रानपाखरू
माळढोक पक्षी बघायचा असेल तर समच्या पुढे डेझर्ट नॅशनल पार्क, सुदासरी. सोलापूरला नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाऊन जाऊन डोळे थकले आमचे, इकडे दुसऱ्या दिवशी सकाळी तीन दिसले. तिकडे गोडावण म्हणतात. दिसेलच असं नाही, पण जीपवाल्याला आधी सांगून ठेवा.

आणि जानेवारीत जाताय तर पोखरणहून सरळ जोधपूर न करता रामदेवरा-फलोदीवरून खीचनला जा. हजारो कांड्या करकोचे, तिकडे कुरजां म्हणतात, गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दाणे घालतायत. सकाळी लवकर, गच्चीवर बसून. आवाज इतका असतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. पोखरणला चमचम घ्यायला विसरू नका, अणुस्फोट सगळ्यांना माहितीये, मिठाई कुणाला माहिती नसते.

चाकावरचा_पाय
अरे काय लोक आहात तुम्ही! आईला सगळं वाचून दाखवलं. खुर्चीला आधी नाही म्हणाली, मग किंमत विचारली. संक्रांतीला आम्ही बहुतेक तनोटलाच असू, तर तिला तिथल्या जवानांना तिळगूळ द्यायचाय. घरूनच करून नेणार म्हणते. देऊ देतात का, आणि लाडू टिकतील का एवढे दिवस गाडीत?

मीनल_मिरज
देवळातल्या जवानांना विचारून द्या, आमच्याकडून चिवडा आनंदाने घेतला होता. पण लाडू नको, वड्या करा, चांगल्या कडक. चिकीच्या गुळाचे लाडू आम्ही डिकीत ठेवले होते, पालनपूर येईपर्यंत सगळ्यांचा मिळून एकच झाला होता.