जोर नको, बोट नीट टेकवा

वयस्कर माणसं हलकं दाबतात म्हणून टचस्क्रीन दाद देत नाही, असं बरेचदा म्हटलं जातं, ते मला पटलं नाही. जोर लागायचा तो जुन्या रेझिस्टिव्ह पडद्यांना. त्यात दोन थर एकमेकांना टेकावे लागत, म्हणून ते नखानेही चालायचे. आताचे फोन कपॅसिटिव्ह आहेत. काचेखालच्या विद्युतक्षेत्रात बोटामुळे होणारा बदल ते मोजतात, दाब नाही. त्वचा कोरडी, राठ असेल तर हा बदल क्षीण होतो. बोटाचं टोक न लावता मऊ पेर टेकवलं की बराच फरक पडतो.

माझ्या आईचा त्रास आणखी वेगळा होता. फोन ऐकत नाही म्हणून ती बोट रेटून धरायची, आणि फोन ते 'लाँग प्रेस' समजून भलताच मेनू उघडायचा. अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये 'टच अँड होल्ड डिले' ही सेटिंग असते (बोट किती वेळ टेकवून धरलं की 'लाँग प्रेस' समजायचं, ते ठरवणारी), ती 'लाँग' केल्यावर तिची चिडचिड खूपच कमी झाली. ज्येष्ठांना फोन घेऊन देताना हे कुणी दाखवत नाही, याचं फार वाईट वाटतं. हात थरथरत असेल तर आयफोनच्या 'टच अकोमोडेशन्स' या सेटिंगमध्ये लागोपाठचे स्पर्श एकच धरायचीही सोय आहे.