चिऱ्याच्या घरासाठी वायफाय राउटर कोणता घ्यावा? मदत हवी आहे

ओटीवरचा:
नमस्कार मंडळी. देवरुखजवळच्या गावी आमचं जुनं घर आहे. आई एकटी असते म्हणून मी पुण्याहून इकडे राहायला आलोय, नोकरी घरूनच. घर लांबट: ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी मागची पडवी. मधल्या भिंती चिऱ्याच्या, दीड-दीड फुटी. फायबर रस्त्याच्या बाजूने ओटीत आलंय आणि कंपनीचा डबा (त्यांचा राउटर) तिथेच खुंटीशेजारी लटकतोय. प्लॅन १०० एमबीपीएसचा. झोपाळ्यावर बसलं की ९० च्या वर मिळतात. मला मात्र पडवीत बसायचंय, कारण ओटीवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "काय रे, रजेवर काय?" याचं उत्तर द्यावं लागतं.

फोनवर अ‍ॅप टाकून सिग्नल मोजला. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर ओटीत उणे ४२ डीबीएम (शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल चांगला), माजघरात उणे ६३, स्वयंपाकघरात उणे ७६, पडवीत उणे ८४. दुसरा पट्टा, ५ गिगाहर्ट्झ, तर माजघर ओलांडलं की दिसतच नाही. पडवीतून मीटिंग केली की तोंड उघडं असताना माझा फोटो होतो.

बजेट ५,००० पर्यंत. आतेभाऊ म्हणतो सहा अँटेनावाला घे. दुकानदार म्हणतो रिपीटर घ्या, १,५०० त काम होईल. शिवाय माजघरात बाबांचा जुना डेस्कटॉप आहे (आई त्यावर पत्ते खेळते), त्याला वायफाय नाही. प्रिंटर फक्त २.४ वर चालतो. कोणता राउटर घेऊ?

माडीवाली:
रिपीटरच्या नादी लागू नका, मी पैसे घालवून बसलेय. जिथे सिग्नल मरतो तिथेच तो लावला. फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या, पण पान काही उघडेना. कसं उघडणार, त्याला मागूनच नीट मिळत नव्हतं. वर तो एकाच रेडिओवर घ्यायचा आणि त्याच्यावरच पुढे द्यायचा, म्हणजे उरलेल्यातलंही निम्मं.

तांब्याचीतार:
केबल ओढणं हा माझा धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अँटेना मोजू नका. राउटरने किती जोरात ओरडायचं याला सरकारी मर्यादा आहे, सहा शिंगं लावली म्हणून ती वाढत नाही. आणि समजा राउटर पडवीपर्यंत ओरडला, तरी तुमच्या फोनला तिथून उत्तर द्यायचंय. त्याचा आवाज राउटरपेक्षा बारीक. हे संभाषण आहे, देवळातला भोंगा नव्हे.

खोक्यावरच्या आकड्यांनाही भुलू नका. वायफाय ६ च्या खोक्यावरचं एएक्स १५०० म्हणजे २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे १,२०१ यांची बेरीज, तीही कागदावरची. एक फोन एका वेळी दोन्ही वापरत नाही. तुमच्या १०० च्या प्लॅनला एसी १२०० (आधीच्या पिढीचा, वायफाय ५) सुद्धा पुरतो, पण आता घेताच आहात तर वायफाय ६ चा साधा घ्या. पोर्ट मात्र गिगाबिट (१,००० एमबीपीएसचे) आहेत का ते बघा, स्वस्तातल्यांवर अजून १०० चेच असतात.

तुमचा खरा प्रश्न डबा कुठे टांगलाय हा आहे. ओटीतून माजघर, स्वयंपाकघर ओलांडून पडवीपर्यंत केबल न्या आणि नवा राउटर पडवीत, अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा, म्हणजे तो केबलमधून इंटरनेट घेऊन फक्त वायफाय देईल. मेन्यूत तो मोड असेल तर निवडला की झालं. नसेल तर नव्याचं डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याला जुन्याच्याच रांगेतला पण वेगळा आयपी पत्ता द्या आणि केबल एकाच्या लॅन पोर्टातून (जिथे घरातली उपकरणं जोडतात) दुसऱ्याच्या लॅन पोर्टात खोचा. नाव-पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवा. २.४ चं चॅनेल एकावर १, दुसऱ्यावर ६ किंवा ११. स्वयंपाकघरात दोघांचाही सिग्नल पोचेल.

केबल कॅट ६ घ्या, पण पूर्ण तांब्याची. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सर्रास खपवतात. टोक सोलून तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसली तर परत करा.

ओटीवरचा:
तांब्याचीतार, मनापासून आभार. भोंगा आतेभावाला ऐकवला, तो गप्प आहे. एक भीती आहे. गेल्या जूनमध्ये जवळच वीज पडली आणि तेव्हाच्या डब्याचा लॅन पोर्ट जळला. घरभर तार ओढून विजेला आमंत्रण तर नाही ना?

तांब्याचीतार:
तेव्हा फायबर होतं की खांबावरून तांब्याची केबल आली होती?

ओटीवरचा:
खांबावरून केबल. फायबर दिवाळीनंतर आलं.

तांब्याचीतार:
मग चोर ती केबलच. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. पण विजेच्या मीटरकडून अडॅप्टरमार्गे येऊ शकते आणि घरातल्या लांब केबलमध्येही झटका उमटतो. आभाळ भरून आलं की, गडगडायला लागायच्या आधीच, दोन्ही अडॅप्टर भिंतीतून काढा, केबलही दोन्ही टोकांना उपसून ठेवा.

माडीवाली:
आणि पावसाळ्यात लाइट जाते त्याचं काय? राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचा, काही डबे ९ व्होल्टचे असतात. तुम्हाला दोन लागतील, ओटीतला बंद पडला तर पडवीतला नुसता दिवे मिचकावत बसेल.

ओटीवरचा:
काल प्रयोग केला. मित्राकडून २५ मीटर केबल आणि त्याचा पडून असलेला एसी १२०० आणला, केबल जमिनीवरूनच दारांतून पडवीत नेली. बसतो तिथे ५ गिगाहर्ट्झवर उणे ४८, वेग ९१. आई दोनदा अडखळली, म्हणून संध्याकाळी गुंडाळून ठेवली. आता नवा वायफाय ६ चा साधा घेतो, बाबांच्या डेस्कटॉपसाठी माजघरात पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच (एका केबलला अनेक फाटे फोडणारा डबा) टाकतो. शेवटचा प्रश्न: केबल पक्की करायला चिऱ्याला भोक पाडू की वर वाशांवरून नेऊ?

तांब्याचीतार:
वाशांवरून. पण पीव्हीसी पाइपात घालून, दोन्ही तोंडं बंद करून. आणि विजेच्या वायरिंगला चिकटून नेऊ नका, फूटभर लांब ठेवा.

माडीवाली:
पाइप नक्की घाला. आमच्याकडे उंदरांनी पहिल्याच आठवड्यात उद्घाटन केलं होतं.